फायनलला नेलेले खराटे

फुटबॉलला आयुष्यात कधी पाय न लावलेल्या तीन माणसांबरोबर मी दीड वर्ष रोज सकाळी फुटबॉलवर बोलत चहा प्यायलो. ह्यात त्यांचा दोष नाही. टपरी आमच्या सोसायटीच्या फाटकाशीच होती आणि फेरी मारून आल्यावर मला चहा लागायचा.

मांजरी गावात आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी ऊस होता. तो ऊस ज्यांचा होता ते गृहस्थ ह्या तिघांतले पहिले. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट आणि गाळे घेतले, आणि वेळ जात नाही म्हणून गावातल्या फुटबॉल क्लबला जर्सी घेऊन दिल्या. तेव्हापासून ते ‘माझी टीम’ म्हणत. दुसरे आयटीतले. ते इंग्लंडातल्या एका क्लबचे भक्त होते आणि तो क्लब जिंकला की ‘आम्ही जिंकलो’ म्हणून सांगत. तिसरे निवृत्त प्राध्यापक. हयात शनिवार पेठेत गेली, आता मुलाकडे राहायला आले होते. स्वतः कधी न केलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांना सखोल माहिती होती.

मी तरुणपणी आमच्या सरकारी खात्याच्या संघातून सात वर्षं डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळलो. गुडघा गेल्यावर काही वर्षं पंचगिरी केली. हे तिघांना ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांच्यावर शून्य परिणाम होता. “तुमच्या वेळी टॅक्टिक्स वगैरे नव्हत्या ना एवढ्या,” असं आयटीवाल्यांनी एकदा मला समजावलं होतं. मी चहा प्यायलो.

त्या वर्षी गावचा क्लब लीगच्या फायनलला पोहोचला. समोर शहरातला एक जुना क्लब होता. फायनलला आठ दिवस असताना आमच्या फॉरवर्डने मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. तेवीस-चोवीस वर्षांचा, पायात वेग आणि डोक्यात हवा असलेला खेळाडू. कॅमेऱ्यात बघून तो म्हणाला, “ऐकलंय त्यांच्याकडे स्वीपर-कीपर आहे. मस्त. येताना खराटा घेऊन ये म्हणावं. कचरा मी करतो, गोळा तू कर.”

गोल सोडून पार पुढे येऊन चेंडू साफ करणाऱ्या गोलकीपरला फुटबॉलमध्ये स्वीपर-कीपर म्हणतात. त्यांचा गोलकीपर तसा खेळायचा. मी हसलो. वाक्य चांगलं जमलं होतं, आणि मी हसलो हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी टपरीवर परिसंवाद भरला.

“दिस इज ट्रॅश टॉक,” आयटीवाले म्हणाले. “बाहेर सगळे करतात. अपोनंटच्या डोक्यात शिरायचं. माइंड गेम.”

“आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे,” प्राध्यापक म्हणाले. “युद्धाआधी शत्रूला डिवचायचं. वाग्युद्ध! आपण ते विसरलो आणि पाश्चात्त्यांनी उचललं.”

“मला ते काय कळत न्हाई,” जमीनवाले म्हणाले. “पण पोरगं बोललं लई भारी हाय. अडीच हजार लोकांनी बघितलंय.”

“पण अंगावर उलटलं तर?” मी विचारलं. “बोलून बसलेल्या फॉरवर्डचा पाय गोलसमोर जड होतो. मी पाहिलंय.”

“तुमचा काळ वेगळा,” आयटीवाले म्हणाले.

चार दिवस हेच चाललं. बोलावं की बोलू नये, मैदानाआधी बोलावं की नंतर, जिंकणाऱ्याने बोललेलं शोभतं का, हरणाऱ्याने बोललेलं कोण ऐकतं. तिघांपैकी एकाच्याही कानात मैदानावर कधी कोणी काही बोललेलं नव्हतं. त्यामुळे मतं पक्की होती.

पाचव्या दिवशी आयटीवाले मोबाइल पुढे धरूनच आले. त्यांनी त्या गोलकीपरच्या जुन्या फोटोंत उत्खनन केलं होतं. एका फोटोत तो एका बाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बाईंचा चेहरा सावलीत होता; अंगात महापालिकेच्या सफाई कामगारांचं जाकीट आणि हातात खराटा. खाली त्याने लिहिलं होतं : माझी आई, माझी पहिली कोच.

“म्हणजे लिटरली!” आयटीवाले म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी इतका निर्मळ आनंद पाहिला नव्हता.

जमीनवाले मांडीवर थाप मारून हसले. प्राध्यापक हसले नाहीत; त्यांनी “श्लेष आणखी गडद झाला,” असं मत दिलं.

“मग आता तो विनोद उरला नाही,” मी म्हणालो. “आता ते त्याच्या आईवर गेलं.”

“अहो, स्वीपर-कीपर ही फुटबॉलची टर्म आहे,” आयटीवाले म्हणाले. “तुम्हालाच माहीत हवं.”

“काल टर्म होती. आज तुम्ही फोटो दाखवून हसताय.”

मग प्राध्यापकांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. “आपण हे पर्सनली घेऊ नका.”

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. तिघेही घरी येऊन गेले होते, हॉलमधली तसबीर त्यांनी पाहिली होती. दीड वर्षात त्यावर एक अक्षर निघालं नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि वेळेला काढण्यासाठी जपून ठेवलं होतं, हे मला त्या हाताच्या वजनावरून समजलं. माणसाला अपमानाइतकीच समजूतदारपणाची चीड येऊ शकते. मी हात बाजूला केला आणि घरी आलो.

मैदानावर कानात बोललेलं काय असतं ते मला माहीत होतं. खात्याच्या संघात असताना एका सामन्यात समोरच्या विंगरने माझं आडनाव कुठून तरी मिळवलं. चेंडू रेषेबाहेर गेला की दर थ्रो-इनला तो माझ्या शेजारी येऊन अगदी आपुलकीने विचारायचा, “काय, वस्तीत आज पाणी आलं का?” बस, एवढंच. शिवी नाही, काही नाही. पंचाकडे तक्रार करावी तर काय सांगणार? पाण्याची चौकशी केली? सहाव्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी त्याला आडवा केला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर आलो. आमचे कोच म्हणाले, “कानात बोळे घालून खेळावं.” बाकावरचे दोघे हसले. आम्ही तो सामना हरलो आणि तो माझ्यामुळे हरलो असं ठरलं. घरी मी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मी सरावाच्या मैदानावर गेलो. फॉरवर्ड बूट काढत बसला होता. मी शेजारी बसलो आणि फोटोचं सांगितलं.

“माहितीये काका,” तो म्हणाला. “आम्ही दोघं अंडर-सेव्हन्टीनला एकाच कॅम्पला होतो. त्याची आई आम्हाला केळी आणायची.”

“आणि तरी बोललास?”

“काका, डोक्यात आलं, बोललो. चालला व्हिडिओ. हे बूट दुकानवाल्यानं फुकट दिले त्यावर.” त्याने मला बूट दाखवले. केशरी होते. “आता डिलीट केला तर घाबरला म्हणतील.”

“कोण म्हणेल?”

“तुमचेच टपरीवाले,” तो म्हणाला.

त्या सगळ्यांत निदान त्याला तरी ठाऊक होतं की आपण काय केलंय आणि किती भावात.

फायनलच्या दिवशी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमीनवाल्यांच्या गाडीची डिकी उघडी होती. आत सहा कोरे खराटे होते, एकेकाला क्लबच्या रंगाची फीत बांधलेली. घरातली केरसुणी आणली नव्हती. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात. खराटा चालतो, तो रस्त्याचा.

“येताय ना आमच्यासंगं?” जमीनवाल्यांनी विचारलं. “जागा हाय गाडीत.”

“हे घेऊन जाणार असाल तर नाही.”

“अहो, गंमत हाय.”

“मग आपल्या आईसमोर हलवून बघा, तिला गंमत वाटते का.”

त्यांचा चेहरा उतरला. पण डिकी त्यांनी बंद केली ती खराटे आत ठेवूनच. आयटीवाले पुढच्या सीटवर बसून मोबाइलमध्ये गुंतले होते. प्राध्यापकांनी काच वर केली.

मी स्कूटरवर गेलो. मैदानावरचे सामनाधिकारी माझ्या पंचगिरीच्या दिवसांतले ओळखीचे निघाले. मी त्यांना सांगितलं, प्रेक्षकांत खराटे येतायत, गोलकीपरच्या आईवरून आहे, आत येऊ देऊ नका.

“नियमात काठीला बंदी आहे,” ते म्हणाले. “खराट्याला काठी असते का?”

“ह्यांना नाही.”

“मग कशाखाली अडवू? तुम्हीच सांगा, तुम्ही पंच होतात.” आणि ते चहा घ्यायला गेले.

मी समोरच्या क्लबच्या बाजूला जाऊन बसलो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई शेंगदाणे खात बसल्या होत्या. सामना सुरू झाला. पलीकडच्या स्टँडमध्ये सहा खराटे वर झाले आणि घोषणा सुरू झाली, “झाडून घे! झाडून घे!” त्यांचा गोलकीपर उत्तम खेळत होता. पहिल्या अर्ध्यात आमच्या फॉरवर्डचे दोन फटके त्याने अडवले, त्यातला दुसरा तर बोटांच्या टोकांनी. तीनदा तो गोल सोडून पुढे आला आणि तिन्ही वेळा चेंडू आधी त्याच्या पायाला लागला.

बाईंनी मला विचारलं, “ते खराटे कशाला आणलेत हो त्यांनी?”

मी म्हणालो, “त्यांच्या क्लबची काही खूण असेल.”

“असंल,” त्या म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे केली. मी चार दाणे घेतले.

दहा मिनिटं उरली असताना गोलकीपर चौथ्यांदा पुढे आला. चेंडू खडबडीत जागी टप्पा घेऊन वळला आणि त्याच्या पायाखालून गेला. आमच्या फॉरवर्डने तो रिकाम्या गोलमध्ये ढकलला. एक-शून्य. तो धावत आमच्या गावच्या स्टँडकडे गेला. कोणी तरी खराटा खाली फेकला. तो हातात घेऊन त्याने कॉर्नरच्या झेंड्यापाशी जमीन झाडली. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं आणि स्टँडमध्ये हशा झाला. पलीकडे प्राध्यापक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वाग्युद्ध!

गोल तसाच राहिला. आम्ही जिंकलो. मी ‘आम्ही’ म्हणतो, कारण मी त्याच गावात राहतो.

शिट्टी वाजल्यावर गोलकीपर सगळ्यांशी हस्तांदोलन करून, फॉरवर्डशीही करून, सरळ मी बसलो होतो त्या बाजूच्या कुंपणाशी आला. माझ्या शेजारच्या बाई उठल्या, खाली गेल्या आणि त्याला पाण्याची बाटली दिली. तो पाणी पीत होता तोवर त्या त्याच्या कोपराला लागलेली माती पदराने पुसत होत्या. मग पिशवी घ्यायला वर आल्या.

मी उभा राहिलो. “बाई, मला माहीत नव्हतं की आपण...”

“मला ठाऊक होतं ते खराटे कशाला आणलेत ते,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “म्हटलं, तुम्ही काय सांगताय ते बघावं.”

त्या निघून गेल्या. लाल कार्ड मिळाल्यावर मैदानाबाहेर चालताना मला इतकी लाज वाटली नव्हती. ज्या तिघांना मी आठ दिवस तुच्छ लेखत होतो, त्यांनी निदान जे होतं ते उघड हातात धरलं होतं. मी माझ्या सभ्यपणाच्या पिशवीत घालून झाकलं.

सोमवारी मी टपरीवर गेलो, एकदाच, आणि बसलो नाही. त्यांना सांगितलं की गोलकीपरच्या आई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“अरे बापरे,” आयटीवाले म्हणाले. “ऑकवर्ड.”

जमीनवाले म्हणाले, “पहिलं सांगायचं न्हाई का?” पार्किंगमध्ये मी काय सांगितलं होतं ह्याची आठवण करून द्यावी असं मला वाटलं, पण दिली नाही.

प्राध्यापक म्हणाले, “व्यक्तिशः वाईट वाटलं. पण खेळाच्या संदर्भात बघायला हवं.” माणूस संदर्भातच मरणार.

पुढच्या मोसमात चांगले पैसे देतात म्हणून फॉरवर्ड त्या शहरातल्या क्लबात गेला. आता तो आणि तो गोलकीपर एकाच रंगाची जर्सी घालतात. टपरीवर त्याला गद्दार ठरवलं गेलं, असं कानावर आलं. त्याच्या जुन्या व्हिडिओखाली आयटीवाल्यांनी लिहिलं होतं की ह्याला कधीच क्लास नव्हता.

मी आता सोसायटीच्या मागच्या फाटकाने फेरीला जातो. कालवा ओलांडून गेलं की एक बाई चहा करते, तिच्याकडे फुटबॉल नाही. एखाद्या शनिवारी त्या शहरातल्या क्लबचा सामना असला तर स्कूटर काढतो. गोलकीपरच्या आई तिथे दिसतात, पण मी त्यांच्या शेजारी जाऊन बसत नाही. नमस्कार करतो. त्याही करतात. पहिल्यांदा केला तेव्हा हात जोडायला मला जरा वेळ लागला होता.

परवा प्राध्यापकांनी रस्त्यात गाठलं. ह्या वर्षीही गावचा क्लब फायनलला आहे, समोर पुन्हा तेच शहरवाले आहेत, चर्चा रंगलीय, आपण यायला हवं, तुमच्यासारखा खेळलेला माणूस आमच्यात नाही, वगैरे.

“चालू द्या,” मी म्हणालो, आणि रस्ता ओलांडला.