लल्ला तामूच्या फळीवरचे चार पाव

६ ते १० मार्च १९८२. मृत दोन, बेपत्ता एक.

ऐन जरीफ नावाच्या गावातल्या त्या पाच दिवसांविषयी एवढीच नोंद झाली, आणि तीही सरकारी दफ्तरात नव्हे. कॉलेजच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी ती कोळशाने लिहिली होती. पुढे ती चुन्याखाली गेली. वसतिगृहाच्या जेवणावरून सुरू झालेला संप पोलिसांच्या गोळीबाराने संपला, तेव्हा मुले डोंगराकडे न पळता गावात शिरली. गावाने दारे उघडली आणि लगेच लावून घेतली. कोणत्या दारामागे कोण आहे हे कुणी कुणाला विचारत नव्हते. एका माणसाला मात्र ते न विचारता कळत होते. हे वृत्त त्याचे आहे.

बा मैमून आमच्या गल्लीची भट्टी चालवी. पीठ घरोघरी मळले जाई आणि पाव त्याच्याकडे भाजले जात. साठ घरांच्या साठ फळ्या, प्रत्येकीवर कापड, कापडाखाली गोल जाड गोळे. कुणाच्या पावाची कड पातळ, कुणाचा काट्याने टोचलेला. लल्ला तामूच्या पावावर तीन बोटांचे ठसे असत. चाळीस वर्षांत त्याने एकाचा पाव दुसऱ्याला दिला नव्हता. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचा मुलगा फौजेत गेला, कोणती सून रुसून माहेरी गेली, हे त्याला फळीवरच्या संख्येवरून समजे, आणि समजले की तो ते मोठ्याने बोलून दाखवी. त्यात कुचेष्टा नसे. संख्येवरून केलेली विचारपूस हेच त्याचे स्वागत होते, आणि ज्या दिवशी तो काही बोलत नसे त्या दिवशी बायकांना चुकल्यासारखे वाटे.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो आणि त्याच गल्लीत खोली घेऊन राहत होतो. ९ मार्चच्या सकाळी मीही भट्टीपुढे उभा होतो. लल्ला तामू डोक्यावर फळी घेऊन आली. पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नाही; गल्ली तिला मानाने लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणे, बा मैमून मात्र नुसते तामू. तिचे रोजचे दोन पाव ठरलेले.

बा मैमूनने कापड बाजूला केले. "चार? अगं तामू, लग्न केलंस आणि आम्हाला साधं बोलावलंही नाहीस?"

सगळे हसले. तीन दिवसांत प्रथमच कुणी हसत होते. मीही हसलो.

"तुझ्यासारखा म्हातारा गळ्यात पडला असता तर बोलावलं असतं रडायला," लल्ला तामू म्हणाली. "बहीण आलीय गावाहून."

बा मैमूनचे हसू तिथेच थांबले. तिला एकच बहीण होती, आणि ती वारल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाचे पाव त्यानेच भाजले होते. त्याने रांगेकडे पाहिले. रांगेत सी लार्बी, म्हणजे लार्बीसाहेब, उभा होता. तो गल्लीचा मुकद्दम. कोणत्या घरात काय चालले आहे हे वर कळवणे हे त्याचे काम. तोही इतरांबरोबर हसत होता.

"बहिणीला माझा सलाम सांगा, लल्ला," तो म्हणाला, आणि आपले पाव टोपलीत घेऊन गेला.

पुढचा सगळा दिवस बा मैमूनने स्वतःशी वाद घालण्यात घालवला. हे त्याने मला फार वर्षांनी सांगितले. भट्टी सोडून कधी कुठे न जाणारा माणूस दिवसाढवळ्या विधवेच्या दारात उभा राहिला, तर तीच खूण ठरेल. नाही गेलो, तर तिला सावध कोण करणार? लार्बीला तिची बहीण गेल्याचे ठाऊक असेल का? तो सरळ मनानेच सलाम सांगत नव्हता कशावरून? बाहेर पाऊल वाजले की त्याचा हात थांबे. त्या दिवशी दोन घरांचे पाव करपले. तो गेला नाही.

१० मार्चच्या सकाळी लल्ला तामूच्या फळीवर दोनच पाव होते. त्याला क्षणभर मोकळे वाटले. मग त्याने पहिला गोळा फावड्यावर घेतला. तो जड होता. चार पावांचे पीठ तिने दोन पावांत दडवले होते. ते आत नीट शिजायला दुप्पट वेळ लागणार होता, आणि सगळ्यांचे पाव निघाल्यावर तिचेच दोन भट्टीत राहिले असते. सी लार्बी टोपली भरूनही दाराशी टेकून उभा होता.

"काय बा मैमून, आज वेळ लागतोय?"

"लाकूड ओलं आहे, सी लार्बी."

"माझे तर मस्त फुलले की!"

बा मैमूनने तिचे पाव इतरांबरोबरच बाहेर काढले. लल्ला तामूने पाव उलटा करून बोटाने ठोकला. आवाज बद्द आला. तिने वर पाहिले.

"घ्या, लल्ला," तो म्हणाला.

ज्या बाईला तो तीस वर्षे 'अगं तामू' म्हणत आला, तिला त्याने त्या दिवशी अहो-जाहो केले. तो बदल सी लार्बीनेही ऐकला.

दुपारच्या आत पोलिस आले. बुशता नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा, धनगराच्या घरातला, तिच्या कोठीतून अनवाणी बाहेर काढला गेला. ताटात मोडलेला पाव होता, आतून कच्चा. लल्ला तामूला दोन दिवसांनी सोडले. बुशता परत आला नाही.

लार्बीनेच कळवले हे सिद्ध झालेले नाही. एखाद्या गच्चीवरूनही कुणी पाहिले असेल. हा दिलासा मी बा मैमूनला एकदा देऊ केला. तो म्हणाला, "गच्चीवरून कुणी बघितलं असेल, नसेल. मी मात्र 'चार' म्हणून ओरडलो होतो."

त्यानंतर त्याने कुणाच्याही फळीवरची संख्या बोलून दाखवली नाही. लल्ला तामू नऊ वर्षे रोज दोन पाव घेऊन येत राहिली. दुसरी भट्टी दोन गल्ल्या पलीकडे होती, तरी ती तिकडे गेली नाही. ते क्षमा केल्याचे लक्षण होते की त्याने रोज तिच्यासमोर उभे राहावे अशी शिक्षा, हे त्याला कळले नाही. रोज सकाळी तो एक वाक्य तयार ठेवी. रोज म्हणे, "झाले," आणि फळी तिच्या हाती देई. ती वारली, तेव्हा तिच्या चाळिसाव्याचे पाव त्याच भट्टीत आले. त्याने ते पुरेसा वेळ ठेवून, नीट भाजले.

बुशताच्या आईला मुलाची कबर कुठे आहे हे सरकारने अद्याप सांगितलेले नाही. लल्ला तामूची क्षमा बा मैमूनने मागितली नाही. त्या सकाळी हसलेल्या आमच्यापैकी कुणीही नाही.