दुसऱ्याचा बाजा

सिडकोतल्या बागेत रोज सकाळी एक माणूस माउथ ऑर्गन वाजवतो. त्या वाद्याला आम्ही बाजा म्हणतो. माणसाचं नाव मी विचारलं नाय. ब्लूज नावाचं इंग्रजी संगीत वाजवतो म्हणे. मला ते रडकं वाटतं. पण माणूस लई शिस्तीचा. वाजवायच्या आधी चूळ भरतो. वाजवून झालं, की बाजा तळहातावर आपटून आतली थुंकी काढतो, आणि वाळल्याबिगर डबीत ठेवत नाय.

माझी बायको यंदा वारली. तिचा बाजा कपाटात पडून होता. त्याचा आवाज एकदा ऐकावा म्हणून मी तो बागेत नेला.

"वाजव बाबा."

त्यानं हात मागं घेतला. "काका, दुसऱ्याचा बाजा तोंडाला लावत नसतात. कुणाचा हाय?"

"बायकोचा. ती गेली."

"मग तुम्हीच वाजवा. नवरा-बायकोत कसलं आलंय उष्टं?"

"मला येत नाय."

"श्वास तर घेता येतो? आधी ती तंबाखू थुका."

मी थुंकलो, चूळ भरली, फुंकलं. म्हशीनं हंबरावं तसा आवाज आला.

"आता श्वास आत ओढा. ओढूनबी वाजतो."

ओढला. बारीक सूर निघाला. तिच्या वाजवण्यात तो असायचा, पण कुठं, ते आठवंना. मी तेवढाच ओढत बसलो. ऊन चढलं, तरी त्यानं आपला बाजा उचलला नाय.

"वाजव की तुझं," मी म्हणालो.

"दुसरा वाजवत असला, की मधी वाजवू नये, काका."