डिक्कीतलं पोतं

मोठी डिक्की पाहून मी ही सेडान घेतली आणि तीच डिक्की आता मला नडते. सासुरवाडीहून, एकोडीहून निघताना सासरे दरवेळी तिच्यात नव्या तांदळाचं पोतं टाकतात. नाही म्हटलं की रुसतात. मग गाडी मागून दबते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर खालून खरडते. तो आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणून ब्रेकर आला की मी बायको-मुलींना खाली उतरवतो आणि त्या चालत पलीकडे येतात.

परवा सासरेही सोबत होते. त्यांना तिसऱ्यांदा उतरवलं तेव्हा मी वैतागून म्हणालो, "मामाजी, पुढच्या वेळी पोतं नको."

ते शांतपणे म्हणाले, "पोत्याचा काय त्रास जवाईबापू? उतरून तर आम्ही राहिलो."