पाणी, पानी आणि सिकलचा रिपोर्ट

आमच्या साडूभाऊंइतका नकोसा झालेला पाहुणा उभ्या बालाघाटात दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झाला, पण शिकवणं काही थांबलं नाही. चहाच्या टपरीवर कोणी ‘पानी’ मागितलं की यांचा तास सुरू. “पाणी म्हणा का पानी म्हणा, तहान भागतेच ना? जनुकांचंबी तसंच. एखादं अक्षर बदलते, कोणाले पत्ताबी लागत नाही. पण शेजार बदलते, म्हंजे पुढं आणखी एक अक्षर बदललं तर कोणता शब्द होईल, ते. पाणीच्या शेजारी राणी, वाणी. पानीच्या शेजारी दानी, हानी. निसर्ग उडी मारत नाही, शेजारच्याच घरी जाते.” हे दिसले की टपरीवाला कप आधीच भरून ठेवायचा, म्हणजे लवकर उठतील.

लग्नाच्या बोलणीत त्यांना कोणी बोलवत नसे, ते आपणहून यायचे. कुंडल्या बाजूला सारून विचारायचे, “सिकलसेलचा रिपोर्ट आणला का? रक्ताचा आजार आहे, मायबापाकडून लेकरात येते.” सोयरिकी मोडल्या, शिव्या खाल्ल्या, पण हटले नाहीत. कारण घरातलंच होतं. साडूभाऊ आणि त्यांची बायको, दोघांच्याही रक्तात तो दोष अर्धा लपलेला, त्यामुळे दोघंही ठणठणीत. मुलगा मात्र दोघांकडचे अर्धे घेऊन जन्मला आणि शाळा संपण्याआधीच गेला. जन्मभर जनुकं शिकवणाऱ्या माणसानं लग्नाआधी स्वतःचं रक्त तपासलं नव्हतं. देवाला थट्टा करायला दुसरं घर मिळालं नाही का, असं मला अजूनही वाटतं.

मग माझ्या मुलीचं जमलं. मुलगा खैरलांजीचा, तिच्याच पसंतीचा. पोह्यांच्या बशा हातात असताना साडूभाऊंनी रिपोर्ट मागितले. ते आले, आणि दोघांतही तोच लपलेला दोष निघाला. साडूभाऊंनी हे लग्न नको म्हणून सांगितलं. पोरगी तडक साडूभाऊंच्या घरी गेली, मी तिच्या मागे.

“मावसाजी, खरं सांगा. तुमच्या लग्नाआधी असा रिपोर्ट आला असता, तर मावशीले नाही म्हटलं असतं?”

मावशी दारातच भाजी निवडत बसली होती. साडूभाऊ तिच्याकडे पाहत राहिले.

“नसतं म्हटलं.”

“मग मले काहून नाही म्हणाले लावता?”

“लेकराचे हातपाय दुखायचे. तो ओरडायचा, अन् मी नुसता पाय दाबत बसायचो. तू नोको बसू, बाई.”

पोरीनं ते स्थळ सोडलं. पुढे गावातच तिचं लग्न झालं, रिपोर्ट पाहूनच. मांडवात ती एकेका वडीलधाऱ्याच्या पाया पडत गेली. साडूभाऊंसमोर आली, पदर सावरला आणि तशीच पुढे सरकली. आशीर्वादाला उचललेला हात त्यांनी हळूच खाली घेतला आणि चष्मा काढून पुसत बसले.