साडभाऊंचे उपास

आमच्या साडभाऊंइतके उपास खामगाव तालुक्यात कुणी केले नसतील, आणि उपास करून इतका जाडजूड राहिलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही. पिंपळगाव राजाचे हे गृहस्थ म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. ते बाजेवर बसले की शेजारचा माणूस आपोआप त्यांच्याकडे घसरायचा. लग्नात पंगत उठली तरी हे बसलेलेच. "अन्नाले नाही म्हनू नये, साडभाऊ," असं मला म्हणत आणखी एक रोडगा तुपात चुरायचे. त्यांच्या शेजारी जेवताना आपल्याला भूकच कमी, याची मला लाज वाटायची.

वजनाने शुगर आणली, शुगरने किडन्या खाल्ल्या. मेहुणीने तत्काळ आपली किडनी देऊ केली, तपासण्याही जुळल्या. पण डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. साडभाऊंनी मनावर घेतलं. आता आमच्याकडे खाणं कमी करायचं म्हणजे उपास धरायचे, दुसरी रीत कुणाला ठाऊक? सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी! मेहुणी भक्तिभावाने फराळाचं करायची. दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची उसळ, तुपातले बटाटे, नंतर केळी. डॉक्टरांनी नेमकं हेच बंद केलेलं. मी आठवण करून दिली तर साडभाऊ उखडले, "ते त्यायनं जेवनाचं सांगतलं हो! उपासाचं कुठी सांगतलं?" उसळीत मीठ सैंधव, म्हणजे त्यांच्या मते ते मीठच नव्हे. या माणसापुढे डोकं आपटावं की हसावं, कळत नसे.

एका एकादशीला त्यांचे पाय उचलेनात, छाती धडधडू लागली. बुलढाण्याला नेलं. बटाट्या-केळ्यांतलं पोटॅशियम रक्तात इतकं चढलेलं की हृदय थांबायच्या बेतात होतं. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही," मेहुणी रडत म्हणाली, "उपास व्हता."

ते वाचले, पण आधीच थकलेलं हृदय आणखी खचलं. आता डायलिसिसवर आहेत. अन्नावरची वासना गेली, सदरा अंगावर लोंबतो. हे हृदय ऑपरेशन सोसणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. घरात ते कुणाला सांगायची माझी छाती होत नाही. मागच्या खेपेला निघालो तेव्हा मेहुणी दारापर्यंत आली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"भाऊजी, आता तं उतरलं ना वजन? आता डाक्टर घेतीन ना माही किडनी?"

"विचारून सांगतो," म्हणालो. त्यानंतर पिंपळगावला जायचा धीर झालेला नाही.