आर्डिसच्या गावचा चांगुलपणा

आमच्या नॉर्डल गावात वाईट माणूस एकही नाही. कुणालाही विचारा, तो हेच सांगेल, आणि सांगताना शेजाऱ्याकडे बघणार नाही. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात कुणी कुणाला तोंडावर वाकडं बोलत नाही. एखाद्या बाईनं चर्चच्या जेवणाला जळकी खीर आणली तर लोक ती वाढून घेतात, दोन घास खातात आणि म्हणतात, "जरा वेगळी झालीय, नाही का?" त्या बाईला काय ते कळतं. ती पुन्हा जन्मात खीर करत नाही. भांडण नाही, तंटा नाही, काम झालं.

या कलेत आर्डिस ट्वेटचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा ओर्विल जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा डेल गावातच, सून ट्रिशा, नातू कोल्टन. आर्डिसनं बँकेच्या खिडकीमागे उभं राहून उभं आयुष्य काढलं, लोकांना कर्ज नाकारलं गेल्याची बातमी तिनंच दिली, आणि नकार ऐकून गेलेला माणूस बाहेर पडताना तिचे आभार मानून जायचा. निवृत्त झाल्यावर गावानं ही देणगी वाया जाऊ दिली नाही. पाद्र्याचं प्रवचन लांबतंय हे त्याला कोण सांगणार? आर्डिस. ओलाफसनचा कुत्रा रात्रभर भुंकतो हे ओलाफसनला कोण सांगणार? आर्डिस. एका हातात खिम्यावर बटाट्याचे तुकडे रचून भाजलेली हॉटडिश, दुसऱ्या हातात तो गोड निरोप, अशी ती दारात उभी राहिली की समोरच्यानं ओळखावं, आपली काहीतरी काशी झाली आहे.

मारेन ऑने ही तिच्याच गल्लीतली मुलगी. वय अकरा. जन्मापासून तिचे हातपाय तिचं नीट ऐकत नाहीत आणि जीभ तर मुळीच ऐकत नाही. चाकांच्या वॉकरवर चालते, आणि गळ्यात पट्ट्यानं लटकवलेल्या टॅबलेटवर बोट रोवून एकेक अक्षर टिपते. मग ते यंत्र बोलतं. आवाज बँकेच्या फोनवर "कृपया थांबा" म्हणणाऱ्या बाईचा. डोकं मात्र असं चलाख, की गणितात अख्ख्या वर्गाला ती पाणी पाजते. अडचण एकच. एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो, आणि आमच्या गावातली माणसं इतकी चांगली, की तिला त्रास नको म्हणून मधेच तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात. "पाणी हवंय? बाथरूमला जायचंय? थंडी वाजतेय?" पोरगी बिचारी हवामानावर काहीतरी खोचक टिपत असायची, आणि लोक तिला उचलून बाथरूमपाशी नेऊन ठेवायचे.

त्या सप्टेंबरात शाळेच्या पिवळ्या बसमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांनी मारेनचं यंत्र हिसकावलं. त्यावर "मी घाण आहे" असं टिपलं आणि बटण दाबत राहिले. पूर्ण आवाजात. शाळा येईपर्यंत मारेनचाच आवाज अख्ख्या बसला सांगत होता, मी घाण आहे, मी घाण आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढं आठवडाभर मारेननं यंत्र चालूच केलं नाही.

शाळेनं ताबडतोब पावलं उचलली. मुख्याध्यापक बर्गस्ट्रॉम यांनी 'सद्भावना सप्ताह' जाहीर केला. सगळ्या मुलांना आणि गावालाही नारिंगी टी-शर्ट वाटले. मैदानात 'मैत्रीचा बाक' बसवला. ज्याला मित्र नाही त्यानं तिथं जाऊन बसायचं, म्हणजे इतरांनी येऊन त्याच्याशी खेळायचं. मारेन एकदा बसली. कुणी आलं नाही, पण कुणाला मित्र नाही ते मात्र आता सगळ्या शाळेला लांबूनही दिसायला लागलं. राहिता राहिली ती पोरं कोण, एवढी बाब. तेवढं कुणी विचारलं नाही. नाव विचारलं की नाव कळतं, आणि मग त्या नावाच्या आईबापांना तोंड कसं दाखवायचं?

आर्डिसला विचारायची गरजच नव्हती. रविवारच्या जेवणाला कोल्टननं तिच्या टेबलावर बसून मान वाकडी केली, बोट थरथरवलं आणि यंत्रातल्या त्या बाईच्या आवाजात म्हणाला, "मी. घाण. आहे." डेल हसला. ट्रिशा "अरे, जेवताना काय!" म्हणाली आणि हसली. आर्डिसही हसली, कारण नक्कल खरोखर हुबेहूब होती. मग घासाबरोबर तिच्या लक्षात आलं की ती कुणाची होती. तिनं घास गिळला आणि विचारलं, "बटाटे घेतोस का रे अजून?"

पुढच्याच आठवड्यात बर्गस्ट्रॉम तिच्याकडे आले. कॉफी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतली.

"आर्डिस, आम्ही मारेनसाठी वेगळी व्हॅन बघतोय. घरापासून थेट शाळेपर्यंत. तिच्याच सोयीसाठी."

"एकटीला?"

"एकटीला म्हणजे... निवांत. तिच्या आईला तुम्ही समजवा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

आर्डिस हॉटडिश घेऊन जोडी ऑनेच्या दारात उभी राहिली. जोडी वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, डोळे तारवटलेले. तिनं हॉटडिशकडे बघितलं.

"कोण मेलं?"

"अगं, कुणी नाही. सहज आले. ऐक ना, शाळा मारेनसाठी छान व्हॅन..."

"म्हणजे छळ सोसला माझ्या पोरीनं, आणि बसमधून उतरायचंही तिनंच?"

"उतरायचं असं नाही गं."

"तिला बस आवडते, आर्डिस. सगळ्या पोरांसारखं खिडकीशी बसून जायचंय तिला. दुसरं काही मागितलंय का तिनं? त्या कारट्यांना टाका ना व्हॅनमध्ये!"

"तो जरा... वेगळाच विचार झाला."

"कोण आहेत ती पोरं? मारेन सांगत नाही. तुला ठाऊक आहे?"

आर्डिसच्या तोंडात उत्तर आलेलं होतं. ते तिनं गिळलं. "पोरंच ती. पोरांचं काय घेऊन बसलीस," असं म्हणून ती हॉटडिश कट्ट्यावर ठेवून निघाली. दारात निरोप घ्यायला आमच्याकडे अर्धा तास लागतो. त्या दिवशी जोडीनं दार लगेच लावलं.

शेवटी व्हॅनचं ठरवायला सभा भरली ती लुथरन चर्चच्या तळघरात, कारण गावातली सगळ्यात मोठी कॉफीची किटली तिथं आहे. नारिंगी टी-शर्ट घातलेली पन्नासेक चांगली माणसं. टेबलावर आर्डिसनं केलेल्या खजुराच्या वड्यांचं ताट. बर्गस्ट्रॉम उभे राहून बोलले. समाज, साथ, संवेदना असे सगळे शब्द येऊन गेले, 'बस' तेवढा आला नाही. लोक माना डोलवत होते आणि वड्या संपत होत्या. ताटात एक उरली.

आता शेवटची वडी आमच्यात कुणी उचलत नाही. उचलणारा हावरट ठरतो. मग एक जण येतो, "अर्धीच घेते हं" म्हणून अर्धी कापतो. दुसरा येऊन उरलेल्याची अर्धी करतो. व्हॅनच्या ठरावाचं वाचन चालू असताना त्या वडीचे असे तीन वेळा तुकडे झाले, आणि पुढं एवढासा कण उरला तरी तो सभा संपेपर्यंत ताटात तसाच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मारेन आईच्या शेजारून उठली. वॉकर सरकवत टेबलापाशी आली. सगळे कौतुकानं बघायला लागले. तिनं थरथरता हात लांब केला, उरलेला तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

या मुलीला नीट चालता येत नाही, बोलता येत नाही, हे गावानं कधीच पदरात घेतलं होतं. पण शेवटची वडी? माणसं अशी हबकली, की तिचं वाक्य पुरं करायला कुणाला शब्दच सुचेना. मारेननं सावकाश चावलं, गिळलं, ओठाला लागलेला चुरा पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी मधे न बोलता तिला टिपायला वेळ मिळाला.

यंत्र म्हणालं, "कोल्टन ट्वेट आणि त्याचे दोन मित्र. मला व्हॅन नको. मी बसनंच जाणार."

खुर्च्या करकरल्या. सगळ्या माना आर्डिसकडे वळल्या. रागानं नाही, आमच्याकडे राग कुठं असतो? आशेनं. आता आर्डिस काहीतरी गोड बोलेल आणि सगळे घरी जातील.

"मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल," ट्रिशा म्हणाली. तिची मान लालबुंद झाली होती. "हो ना, आई?"

"घाईनं कुणाचं नाव घेणं बरं नव्हे," बर्गस्ट्रॉम म्हणाले. "आर्डिस, तुम्हाला काय वाटतं?"

आर्डिस उभी राहिली. एक वाक्य पुरे होतं. पोरीला चुकून तसं वाटलं असेल, बस्स. असली वाक्यं ती झोपेतही बोलू शकली असती. मुलगा, सून, नातू, रविवारची जेवणं, सगळं त्या एका वाक्यात शाबूत राहणार होतं. समोर मारेन मान तिरकी करून तिच्याकडे बघत होती, आणि या पोरीला आपल्याकडून काडीचीही अपेक्षा नाही हे आर्डिसला त्या नजरेत स्वच्छ दिसलं. ते तिला फार लागलं.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "कोल्टननंच केलं. माझ्या टेबलावर बसून त्यानं हिची नक्कल करून दाखवली. मी हसले. वर त्याला बटाटे वाढले."

"आई!"

"थांब ट्रिशा. तूही हसलीस. जोडी, तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. आणि बर्गस्ट्रॉम, व्हॅन येऊ द्या की. छान आहे म्हणता ना, निवांत? कोल्टन जाईल तिच्यातून. त्याचे मित्रही."

"हे जरा... वेगळं होतंय," कुणीतरी मागून पुटपुटलं.

"वेगळं नाही," आर्डिस म्हणाली. "वाईट होतंय. इतके दिवस वाईटच चाललं होतं."

जोडीनं आभार मुळीच मानले नाहीत. पण ठराव बदलला, कारण आता विरोध करायचा तर हात वर करून, सगळ्यांदेखत करावा लागला असता, आणि तेवढं धाडस आमच्या चांगुलपणात नाही. डेलनं त्या रविवारी फोन करून सांगितलं, आज आम्हाला जमत नाहीये. त्याच्या पुढच्या रविवारी फोनही आला नाही. आर्डिस एकटी जेवली. एका माणसापुरतं करायची तिला सवय नव्हती, बटाटे बरेच उरले. त्या रात्री ती रडली, आणि सकाळी तिला वाटलं की पुन्हा वेळ आली तरी आपण तेच बोलू. मग थोडं अजून रडली.

सोमवारी बर्गस्ट्रॉम बसथांब्यावर हजर. सोबत तालुक्याच्या पेपरचा फोटोवाला, आणि "नॉर्डल: इथे प्रत्येकाला जागा आहे" असं लिहिलेलं लांबलचक कापड. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं त्यांनी तिथं आलेल्या आर्डिसच्या हातात दिलं. गावानं केवढं मोठं मन दाखवलं, हे तालुक्याला कळायला नको? बस आली, दार उघडलं, खिडक्यांमधून पोरं बघायला लागली. बर्गस्ट्रॉम ते कापड ताणून दारासमोर उभे राहिले.

"मारेन," ते वाकून, मोठ्यानं आणि हळूहळू म्हणाले, जशी काही ती बहिरीही होती, "आज तुला कसं वाटतंय? गावानं तुझ्यासाठी एवढं केलं. दोन शब्द बोल."

मारेननं बोट रोवलं. फोटोवाल्यानं कॅमेरा सरसावला. थंडी बोचत होती. बर्गस्ट्रॉम हसरा चेहरा धरून उभे राहिले, इतका वेळ की तो चेहरा दुखायला लागला असणार.

यंत्र बोललं, "बाजूला व्हा. तुम्ही बसच्या दारात उभे आहात."

कुणी हललं नाही. बर्गस्ट्रॉम अजून हसतच होते. हे त्यांनाच म्हटलंय हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. आर्डिसनं हातातलं टोक खाली सोडलं, मुख्याध्यापकांचा दंड पकडला आणि त्यांना दारासमोरून ओढून बाजूला केलं. मारेन कापडावरून वॉकर ढकलत पायरीपाशी गेली, एका हातानं दांडी धरली आणि चढायला लागली.