शिदूच्या गाडीचं पाणी

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका खिंडीखाली होतं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. वर्कशॉप डिटॅचमेंटमध्ये आम्ही चौदा जण होतो. पहाटे चारला उठायचं, इंजिनं गरम करायची, सहाच्या आत कॉन्व्हॉय रस्त्याला लावायचा आणि तो परत येईपर्यंत रेडिओजवळ थांबायचं. कुठे गाडी अडली की रिकव्हरी व्हेईकल घेऊन मी निघायचो.

शिदराम मगदूम तिथे नाईक होता, ड्रायव्हर. तो शिरोळकडचा, मी कबनूरचा. तेवढ्या उंचीवर आपल्या बोलीत बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. तो मला उस्ताद म्हणायचा.

एका सुट्टीत त्याने कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी गाडी घेतली होती. काळी, गोल बोनेटची, आम्हा दोघांपेक्षाही वयाने मोठी. गाडी चालायची, पण तापायची. रोज संध्याकाळी खोली गरम करणाऱ्या बुखारीच्या शेगडीजवळ बसून आम्ही, मी कधीच न पाहिलेल्या, त्या इंजिनावर बोलायचो.

"खाली एक थेंब न्हाय, उस्ताद. पण तीस किलोमीटर गेलं की लिटरभर पाणी गायब."

"सायलेन्सरमधनं पांढरा धूर येतोय?"

"न्हाय. तेलातबी पाणी न्हाय. रेडिएटर बदलला, होज बदललं, वॉटर पंप बदलला. पाच मिस्त्री झालं."

"मग हेड गॅस्केट गेलेलं नसणार, इंजिनात पाणी शिरत न्हाय. भाईरच जातंय कुठंतरी. बघितल्याबिगर कळायचं न्हाय."

"मग बघायला चला की!"

त्या वर्षी त्याची सुट्टी आधी मंजूर झाली. माझी त्यानंतर तीन आठवड्यांनी होती. त्याने सुभेदार साहेबांना भेटून आपली सुट्टी पुढे ढकलून घेतली. मी म्हणालो, "तू जा फुडं. मी येतो मागनं."

"आणि एकटाच गाडीकडं बघत बसू व्हय? दोघं मिळूनच जाऊ."

मला बरं वाटलं. मी पुन्हा आग्रह केला नाही.

त्याची सुट्टी ज्या दिवशी सुरू व्हायची होती, तिथून अकराव्या दिवशी कॉन्व्हॉय सकाळी ५.४० ला निघाला. शिदराम तिसऱ्या गाडीवर होता. ७.२० ला रेडिओ बोलला.

"लँडस्लाइड हुआ है. तीन नंबर गाडी नीचे गई. को-ड्रायव्हर बाहर है. ड्रायव्हर अंदर है. ओव्हर."

"रिकव्हरी निकल रही है. आउट," मी म्हणालो.

आम्ही ८.५० ला पोहोचलो. गाडी रस्त्यापासून साठ-सत्तर फूट खाली, नाल्यात आडवी पडली होती. दोर लावून मी खाली उतरलो. शिदराम गेलेला होता. त्याला आधी वर पाठवलं, मग गाडी ओढायला विंचचा दोर लावला. गाडी वर यायला दुपारचा एक वाजला. सवयीने मी केबिनमध्ये डोकं घातलं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. को-ड्रायव्हरने नंतर सांगितलं, पहिले दगड आले तसा शिदरामने ब्रेक मारला आणि त्याला म्हणाला, "कूद." त्याने उडी मारली. शिदरामची बाजू दरीची होती.

शिदरामच्या पार्थिवाबरोबर गावी दुसऱ्यांना पाठवलं. दहा दिवसांनी माझी सुट्टी लागली. मी कबनूरला तीस दिवस घरात बसून राहिलो. शेजारचे माग दिवसभर खडखडत होते. शिरोळ तासाभराच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही.

निवृत्त झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी शिदरामच्या वडिलांचा फोन आला.

"मानेसाहेब न्हवं? शिदूच्या डायरीत तुमचा नंबर हाय. तुमच्या नावाफुडं त्यानं 'गाडी' असं लिवलंय. एकदा येऊन बघशिला काय?"

सकाळी आठला मी त्यांच्या दारात होतो. शिदरामच्या आईवडिलांना तो म्हणायचा तसंच मीही अप्पा आणि अव्वा म्हणालो. गाडी गोठ्यालगतच्या शेडमध्ये उभी होती. मधल्या काळात आलेल्या महापुरात अप्पांनी आधी म्हशी बाहेर काढल्या आणि मग ट्रॅक्टरला बांधून ही गाडी माळावर नेली होती. घरातलं सामान पाण्यात गेलं होतं.

मी इंजिन गार असतानाच काम सुरू केलं. रेडिएटर भरला आणि त्याच्या तोंडावर प्रेशर टेस्टर बसवला. हा साधा हातपंप असतो, त्याला दाबाचं घड्याळ असतं. काटा सातवर नेऊन थांबलो. दोन मिनिटांत तो चारवर उतरला. खाली जमीन कोरडी होती. मी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या, मागे पाहिलं. ब्लॉकवरून पाण्याची दोऱ्याएवढी धार उतरत होती.

इंजिनच्या ब्लॉकला वाटीसारखी पत्र्याची बुचं ठोकलेली असतात. त्यांना कोअर प्लग म्हणतात. मागचं बूच गंजून त्याला सुईएवढं भोक पडलं होतं. इंजिन तापलं, दाब वाढला की पाणी लालबुंद मॅनिफोल्डवर उडायचं आणि खाली पडायच्या आत वाफ होऊन जायचं. म्हणून पाच मिस्त्र्यांना थेंब दिसला नव्हता.

पाणी काढलं, मॅनिफोल्ड उतरवला. बुचाच्या एका कडेवर पंच ठेवून ठोका दिला. ते आडवं फिरलं, पकडीने ओढून काढलं. बसायची जागा पॉलिश पेपरने घासली, सीलंट लावलं आणि नवीन पितळी बूच ठोकून बसवलं. जुन्या इंजिनात ही शंका असतेच, म्हणून वेगवेगळ्या मापांची बुचं मी येताना आणली होती. बाकीचीही बदलली. सगळं मिळून तीन तास लागले.

नृसिंहवाडीवरून चाळीसेक किलोमीटरची फेरी मारून आलो. अप्पा पुढे बसले होते, अव्वा मागे. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. इंजिन गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी जिथल्या तिथे होतं.

"एवढंच हुतं?" अप्पांनी विचारलं.

"एवढंच."

"मग शिदूला कसं घावलं न्हाय?"

तेव्हा मी सांगितलं. त्याची सुट्टी मंजूर झाली होती, अपघाताच्या दहा दिवस आधी ती सुरू व्हायची होती. ती त्याने माझ्यासाठी, हे शोधायला मी बरोबर यावं म्हणून, पुढे ढकलली. मी त्याला पुढे पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही.

अव्वा गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"सुट्टी मंजूर हुती?"

"व्हय, अव्वा."

"मला वाटलं, सायबानं दिली न्हाय. इतकी वर्सं त्या सायबाला शिव्याशाप देत आले मी." त्यांनी दार सोडलं. "माझा लेक घरात असता की त्या दिवशी."

त्या आत गेल्या. अप्पा मला म्हणाले, "हात धुवा. जेवून जावा." अव्वांनी भाकरी वाढली, आमटी वाढली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला शिवी दिली असती तर घास उतरला असता.

गाडी वापरात राहिली पाहिजे म्हणून मी दर महिन्याला जाऊ लागलो. अप्पा चहा आणून द्यायचे. अव्वा आतच असायच्या. असे सात महिने गेले.

गेल्या खेपेला त्या बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"सुट्टी लागल्यावर दहा दिवस त्यो तिथं हुता न्हवं?"

"व्हय."

"घरात असता तर मी बघितला असता. काय करत हुता, सांगा."

मी हातातला पाना खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी शेंगदाण्याची चटणी केली होती, ती जळली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला, कॉन्व्हॉय निघाला नाही, तो दुपारपर्यंत झोपला. तिसऱ्या दिवशी केस कापून घेतले. चौथ्या दिवशी घरचा फोन लागला नाही म्हणून माझ्यावरच चिडला. पाचव्या दिवशी मुकाट्याने माझे बूट पॉलिश करून ठेवले. जे जे आठवलं, ते एकेक दिवस करून सांगितलं. चटणी जळली होती तेवढं अव्वांनी पुन्हा सांगायला लावलं.

दहा दिवस संपले. मी थांबलो. अकरावा दिवस त्यांनी विचारला नाही.